थंड इंजिन

फोनवर मी एकच अट घातली होती:
इंजिन थंड असू द्या, मी आल्यावर पहिल्यांदा सुरू करू.
हो हो, ब्रोन्युस म्हणाला होता,
इथं सगळं थंडच असतं.

काउनासहून मारियाम्पोलेपर्यंत बस,
पुढे चार किलोमीटर पायी, उणे चौदा,
पायाखाली बर्फ नव्या चामड्यासारखा करकरत.
खिशात अठराशे युरो, टॉर्च, दातांच्या डॉक्टरचा असतो तसला आरसा,
आणि सात महिन्यांची पदवी.

अंगणात ती उभी. हिरवी स्टेशन वॅगन, एक पूर्णांक नऊ डिझेल,
माझ्याहून चार वर्षांनी लहान.
विहिरीवर, सरपणावर, कोंबड्यांच्या खुराड्यावर बर्फ.
हिच्या बॉनेटवर मात्र नाही.
हातमोजा काढून तळवा टेकवला.
नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणाइतकी ऊब.

मी ब्रोन्युसकडे पाहिलं.
त्यानं कोंबड्यांकडे.

तिथूनच परत फिरायला हवं होतं.
मी म्हटलं, थांबते. निवू दे.

निवेपर्यंत दिसेल ते वाजवून पाहिलं.
ओडोमीटर म्हणत होता एक लाख ब्याण्णव हजार,
क्लचच्या पेडलचं रबर डावीकडून पार गुळगुळीत,
ते तीन लाखांच्या खाली यायला तयार नव्हतं.
डिपस्टिकवर तेल काळं, पण खरं.
स्टिअरिंगवर एका जागी बारीक खाच,
अंगठी टेकून टेकून पडलेली.
ऑफिसात मी पोलादाचा थकवा मोजते:
कंस किती लाख वेळा वाकला की तडा जाईल.
त्याचे आलेख असतात.
अंगठीचा आमच्याकडे नाही.
ब्रोन्युसच्या बोटांत अंगठी नव्हती.
मी विचारलं नाही.

त्यानं लिंडनच्या फुलांचा चहा आणला, काळा पाव आणला.
पायरीवर बसलो, मध्ये थर्मास.
तासाभरानं तो म्हणाला,
सकाळी जरा चालवली होती. पोस्टापर्यंत.
आज रविवार आहे, मी म्हटलं.
हो, तो म्हणाला. बंद होतं.

तीन वाजता बॉनेट माझ्या हाताहून थंड.
किल्ली अर्धी फिरवली. पिवळं वेटोळं उजळलं, विझलं.
पहिल्यांदा नुसती खोकली.
दुसऱ्यांदा खोकलीही नाही.
तिसऱ्यांदा तीन सिलिंडर उठले, चौथा रुसलेला,
सगळी गाडी त्याच्या रुसव्यानं थडथडत होती,
पांढरा धूर कोंबड्यांवरून शेजारच्या शेतात गेला,
आणि मग, मिनिटाभरानं, तोही येऊन मिळाला.

एक ग्लो प्लग गेलाय! मी ओरडले.
बारा युरोची वस्तू!
आवाजात इतका आनंद होता
की भाव पाडायची सोयच उरली नाही.

ब्रोन्युस हलला नाही.
गॅरेजवाला म्हणाला होता, इंजिन संपलं.
बारा?
बारा.
म्हणजे ही बरी होते?

टपावर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला.
गप्प बसणं कुठल्याच वर्षाला शिकवलं नव्हतं आम्हाला.
मी म्हटलं, विकायची नसेल तर मला बसस्टॉपवर सोडा.
पावणेचारची निघून गेली होती, दोघांनाही माहीत होतं.
मग त्यानं दार उघडलं, पुढच्या खणातून चष्म्याचं घर काढलं,
बायकी, तपकिरी,
ते कोटाच्या आतल्या खिशात घातलं
आणि म्हणाला, सोळाशे दे.
मोजलेसुद्धा नाहीत.

रस्ताभर रेडिओ लावला नाही.
टर्बोची शीळ, डाव्या बेअरिंगची कुरकुर,
ऐकत ऐकत आले. अंगठा मात्र
सारखा त्या खाचेत जाऊन बसत होता.

आता रोज सकाळी ही खोकते,
तिसऱ्या मजल्यावरची बाई खिडकी धाडकन लावते.
नवा प्लग टेबलाच्या खणात पडून आहे.
जुना घाईनं काढला तर आतच तुटतो, हे खरं आहे.
येत्या रविवारी बदलीन म्हणते.